लाभ, दोन, तीन

१

माझ्याकडे एअर रायफल दुरुस्तीला आली की मी आधी एक छर्रा उडवतो आणि डोळे मिटून ऐकतो. गिऱ्हाइकं हसतात. हसोत बापडी. आतली स्प्रिंग कुठे घासतेय, ग्रीस कुठे सुकलंय, दट्ट्याचं वॉशर हवा सोडतंय का, हे सगळं त्या एका आवाजात असतं. चांगली रायफल दार नीट लागल्यासारखी वाजते. वाईट रायफल झणझणते, आणि तिचा मालक मला सांगतो, "दादा, जरा पॉवर वाढवून द्या." पॉवर हवी असेल त्याने मिक्सरच्या दुकानात जावं, असं मी त्याला सांगतो.

मला हवे असतात सारखे छर्रे. दहा उडवले तर दहांचा वेग जवळजवळ एकच यायला हवा, म्हणजे नेम धरणाऱ्याला स्वतःच्या चुका तरी कळतात.

दुकान कसबा पेठेत, तांबटांच्या गल्लीला लागून. बारा मीटर लांब आणि जेमतेम दोन मीटर रुंद अशी ती खोली रंगनाथकाकांनी मुद्दाम शोधून घेतली होती, कारण तिच्यात दहा मीटरवर लक्ष्य लावता येतं. दाराशी टेबल, छोटं लेथ, आणि पार टोकाला खिडक्यांना लावतात ती लांबी भरलेली लोखंडी पेटी. तिच्यावर कागद चिकटवायचा आणि नेम धरायचा. दिवसभर बाहेर तांब्यावर हातोडे पडत असतात, त्यात माझं टेबल थरथरतं. तांबट एकला जेवायला उठतात ते अडीचला परत बसतात. वेग मोजायला मला तो दीड तास मिळतो.

मोजायचं यंत्र बुटांच्या खोक्याएवढं. त्याला एकामागे एक असे दोन डोळे. छर्रा पहिल्यावरून आणि मग दुसऱ्यावरून गेला की यंत्र 'टी' करतं आणि दोन आकडे दाखवतं, कितवा छर्रा आणि सेकंदाला किती फूट.

हे सगळं मला रंगनाथकाकांनी शिकवलं. त्यांचे वडील भुसार बाजारात धान्य मापायचे. मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, अशी जुनी रीत. लाभ, दोन, तीन, चार. काका छर्रेसुद्धा असेच मोजायचे. ग्रीस लावल्यावरचा पहिला छर्रा नेहमी वेडावाकडा जातो, तो लाभात टाकायचा आणि दोनपासून वहीत लिहायचं. काकांच्या उजव्या अंगठ्याचं वरचं पेर नव्हतं, त्यामुळे पेन्सिल ते दोन बोटांच्या बेचक्यात धरायचे. मागच्या वर्षी ते गेले. वही अजून टेबलावरच आहे.

२

सोमवारी भीमरावांचा फोन आला. भीमराव दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, काकांचे जुने गिऱ्हाईक.

"जय भीम, आमोद. निकिताला पाठवतोय. रविवारी मॅच आहे तिची, जिल्ह्याची. रायफल तेवढी बघ."

निकिता त्यांची मुलगी. इस्पितळात रक्त काढायचं काम करते, रोज शंभर लोकांच्या शिरा अंगठ्याने चाचपून शोधते. रायफल तिच्यापेक्षा वयाने मोठी होती, काकांनीच भीमरावांना तयार करून दिलेली. नळीखाली लांब लिव्हर. ती खाली ओढली की स्प्रिंग दबते, हवेचा चेंबर मागे सरकतो आणि मधे बोटभर फट उघडते. त्या फटीत अंगठा घालून छर्रा बसवायचा, मग लिव्हर वर करून फट बंद करायची. तोवर ती दाबलेली स्प्रिंग अडवून धरतो एक नखाएवढा खटका. बाकी कोणी नाही.

"ग्रुपिंग पार फाटलंय दादा, छर्रे कागदभर विखुरतात," निकिता म्हणाली. "छर्रे बदलले, शूज बदलले, स्वतःलाही शिव्या घालून झाल्या."

"स्वतःला आधी घालायच्या," मी म्हटलं. "छर्रे महाग असतात."

मंगळवारी उघडली. स्प्रिंग वाकली होती. नवी घातली, तिच्या आत जाणारी दांडी लेथवर नायलॉनची कातली, वॉशर बदललं, ग्रीस अगदी बोट पुसल्याएवढं लावलं. खटक्याचा डबा उघडला नाही. 'खटक्याला मी हात लावत नाही', हे मी सगळ्यांना तत्त्व म्हणून सांगतो. त्याचं कारण पुढे येईल.

बुधवारी एक वाजला. हातोडे थांबले आणि खोली एकदम लांब वाटायला लागली. सोनाराच्या काट्यावर तोलून घेतलेले दहा छर्रे मांडले. पाठीमागे कोपऱ्यावरच्या चहावाल्या दत्तोबाने नेहमीप्रमाणे चहाचा ग्लास दाराच्या उंबऱ्याशी ठेवला. "चहा ठेवलाय," म्हणाला आणि गेला. दोन घोट घेऊन मी पहिला छर्रा उडवला.

यंत्राने दाखवलं, दोन. पाचशे त्रेसष्ट फूट.

पुढे तीन, चार, असं करत अकरापर्यंत. दहाही छर्र्यांच्या वेगांतला फरक पाच फुटांच्या आत. इतकं सुरेख काम गेल्या कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. पण उडवले होते दहा. मी मागचे आकडे बघायचं बटण दाबलं.

एक. एकतीस फूट.

३

एकतीस फुटाने छर्रा जात नाही. कागदाचा बोळासुद्धा फेकला तर जरा बरा जाईल. म्हणजे काहीतरी हळू गोष्ट यंत्रावरून गेली होती. माशी असेल. ट्यूबलाइट फडफडते तेव्हाही हे डोळे फसतात. मी ट्यूब बदलून नवा दिवा लावला आणि पंखा बंद केला.

गुरुवारी यंत्र सुरू केलं तेव्हा शून्य होता. नीट बघितलं. वाकून खणातून छर्रे काढत होतो, मागून दत्तोबा म्हणाला, "चहा ठेवलाय," आणि मी मान वळवली. पाठीमागे 'टी' झालं.

एक. एकतीस.

खोलीत माशी नव्हती. रस्ता निपचित पडला होता, कुठेतरी कुणाच्या तरी घरात ताट घासल्याचा आवाज येत होता. मी उगाचच खोलीच्या टोकाला गेलो, पेटीमागे बघितलं आणि परत आलो. बारा मीटरला मला बरीच पावलं लागली.

मग मी यंत्रावरून स्वतःचा हात फिरवून बघितला. पलीकडून स्वतःकडे ओढला तर यंत्र ढिम्म. ते एकाच दिशेने वाचतं, बंदुकीकडून लक्ष्याकडे. त्या दिशेने हात झटकला. बावीस. पुन्हा, जोरात. सव्वीस. खांद्यातून झटकला तेव्हा अठ्ठावीस आला आणि खांदा दुखला. एकतीससाठी अजून काहीतरी लागत होतं. चटका बसल्यावर हात जसा जातो, तसा जायला हवा होता.

कुणीतरी बंदुकीपासून हात पुढे फेकतंय, असं माझ्या मनात आलं. मी स्वतःला म्हटलं, आमोद, तुझं जेवण झालं नाहीये अजून.

शुक्रवारी मी स्टुलावर बसलो, हात मांडीखाली घेतले आणि यंत्राकडे एकटक बघत राहिलो. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, स्वतःच्याच दुकानात, हातांवर बसून. वीस मिनिटं काही झालं नाही. शून्य. मी मांडीखालून हात काढणार तेवढ्यात दारातून आवाज आला.

"चहा ठेवलाय."

टी.

या वेळी मी मान वळवली नव्हती. यंत्रावरून काहीही गेलं नाही. फक्त टेबलावर रायफलीजवळ जी सावली होती ती जरा पुढे सरकली आणि परत जागेवर आली. आकडा बघायची गरज नव्हती.

"दत्तोबा," मी म्हटलं, "उद्यापासून चहा नको."

"का? पथ्य आहे?"

"हो."

"चेहऱ्यावरून वाटतंय खरं," दत्तोबा म्हणाला आणि ग्लास उचलून घेऊन गेला.

४

आता ते कारण सांगतो. बावीस वर्षं मी हे कुणाला सांगितलेलं नाही.

तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि स्वतःला फार हुशार समजत होतो. काकांना न विचारता एका रायफलीचा खटका बारीक दगडावर घासला, ट्रिगर हलका व्हावा म्हणून. लोण्यासारखा झाला. काकांनी विचारलं, "खटका बघितलास का रे?" मी म्हणालो, "बघितलाय काका, पक्का आहे."

काकांचा एकच नियम होता. रायफल ताणली की डावा हात लिव्हरवरून काढायचा नाही, छर्रा बसवून होईपर्यंत. खटका दगा देईल, हात देणार नाही, म्हणायचे. त्या दुपारी त्यांचा डावा हात लिव्हरवर होता आणि उजवा अंगठा फटीत. मी चहा घेऊन आत आलो आणि ग्लास त्यांच्यापुढे केला. "घ्या काका." मी 'पक्का आहे' म्हटलं होतं ना. त्यांनी डावा हात सोडला.

इस्पितळात ते म्हणाले, माझाच हात सुटला. घरी गोदाकाकूंना तेच सांगितलं. सगळ्या पेठेला तेच सांगितलं. एकोणिसाव्या दिवशी पट्टी बांधून दुकानात आले, स्टुलावर बसले, माझ्याकडे रायफल दिली आणि म्हणाले, "उडव. लाभ."

नंतर आयुष्यभर त्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. मीही बोललो नाही. फक्त पुढे कधी कुठल्या खटक्याला हात लावला नाही. याला मी प्रायश्चित्त समजत होतो. त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या अंगठ्याचं काय होईल, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही, हे इथे कबूल करतो.

५

शनिवारी सव्वाला निकिता आली. मी यंत्र सुरू करून ठेवलं होतं. शून्य. चहा येणार नव्हता, त्यामुळे मी निर्धास्त होतो.

मी तिला वहीतले आकडे दाखवले. ती खूश झाली. "पाच फुटांत? दादा, ही आमचीच रायफल आहे ना?"

"पाच छर्रे मारून बघ. डावा हात..."

"लिव्हरवर. लहानपणापासून ऐकतेय. बाबा तर झोपेतसुद्धा सांगतील."

ती स्टुलावर बसली, लिव्हर ओढली. खटका बसला. डाव्या हाताने लिव्हर धरून तिने उजव्या हातात छर्रा घेतला आणि अंगठा फटीत घातला.

"घ्या," दारातून दत्तोबा म्हणाला. आज त्याने ग्लास उंबऱ्यावर ठेवला नाही, आत येऊन पुढे केला. "कोपऱ्यावर ताई सांगून आल्या होत्या. पथ्यवाल्यांनी नुसतं बघावं."

"अरे वा, गरम आहे तोवरच," निकिता म्हणाली आणि तिचा डावा हात ग्लासाकडे निघाला.

मला ओरडायचं होतं. चार दिवस मला दुसरं काय सांगितलं जात होतं? पण मी नुसता बघत राहिलो, तेवीस वर्षांच्या त्या पोरासारखाच.

रायफलीच्या पोटात 'टक्' झालं. खटका सुटला.

खटका सुटल्याचा टक् आणि चेंबर पुढे आपटल्याचा धाड यांच्यामध्ये वेळ नसतो. हजारो वेळा ऐकलंय मी ते. तो एकच आवाज असतो, कान त्याचे दोन करतो. त्या दिवशी टक् झालं आणि धाड झालं नाही. लिव्हर जागच्या जागी थरथरत उभी होती. निकिताचा डावा हात तिच्यापासून वीतभर लांब होता, आणि लिव्हरवर दुसरा हात होता. माझ्या बाजूने चार बोटं दिसली. कातडीखालच्या शिरा ताणल्या होत्या. अंगठा अर्धाच होता.

"हात!" मी ओरडलो.

निकिताने उजवा हात फेकला. मागे ओढला नाही, घाबरून पुढे फेकला, नळीच्या बाजूने थेट यंत्रावरून. टी. आणि मग धाड. लिव्हर नळीवर आपटली, टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उडून खाली पडला.

"चहा सांडला," थोड्या वेळाने दत्तोबा म्हणाला.

निकिता स्वतःचा अंगठा बघत होती. उलटा करून, सुलटा करून. मग डाव्या हाताने तो धरून ती खाली बसली. छर्रा फटीत चेपून टिकलीएवढा झाला होता.

यंत्रावर होतं, एक. एकतीस.

६

"तुम्हाला आधी कसं कळलं?" निकिताने विचारलं.

"टक् ऐकू आलं."

"ते तर एकदमच होतं ना?"

"एकदम नाही झालं," दत्तोबा म्हणाला. "मधे चांगला वेळ होता. मी ग्लास सावरायला बघत होतो की." त्याला दुसरं काही दिसलं का, हे मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. पण जाताना तो रायफलीला वळसा घालून गेला.

मी तिच्यासमोरच खटक्याचा डबा उघडला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. खटक्याची कड झिजून गोल झाली होती. नव्या स्प्रिंगचा जोर जास्त, तो तिला पेलणार नव्हता. "ही माझी चूक आहे," मी म्हणालो. "स्प्रिंग बदलल्यावर हे बघायलाच हवं होतं. भीतीपोटी बघितलं नाही." आणि मग तिला सगळं सांगितलं, बावीस वर्षांपूर्वीच्या चहापासून.

"मग आता बदला," ती म्हणाली. "उद्या मॅच आहे माझी."

काकांच्या तंबाखूच्या डबीत नवा खटका निघाला, याच जातीच्या रायफलीचा. भोवती कागद गुंडाळलेला, त्यावर त्या बेचक्यातल्या पेन्सिलीने लिहिलेलं होतं, 'घासू नये'. मला हसू आलं आणि मग रडू आलं. निकिताने दोन्हीकडे दुर्लक्ष केलं, त्याबद्दल मी तिचा आभारी आहे.

रविवारी ती सातवी आली. तिच्या मते वाऱ्यामुळे. बंदिस्त रेंजवर वारा कुठून आला, हे मी विचारलं नाही.

७

रविवारी संध्याकाळी मी कात्रजला गेलो. गोदाकाकू तिथे लेकीकडे असतात. त्यांच्यासमोर बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं. खटका मी घासला होता, खोटं मी बोललो होतो, चहाही मीच पुढे केला होता.

काकू शेंगा सोलत होत्या. थांबल्या नाहीत.

"माहीत आहे मला," म्हणाल्या. "त्याच रात्री बोलले होते. म्हणाले, पोराला काही बोलू नकोस. घाबरला तर हात थरथरतील त्याचे जन्मभर, आणि कामाचा चांगला आहे तो."

मी ताटातली एक शेंग उचलून परत ठेवली.

"बावीस वर्षं लागली होय रे तुला?" काकू म्हणाल्या. मग जरा वेळाने, "शेवटच्या आजारपणात मात्र एक व्हायचं बघ. मी चहा घेऊन गेले की दचकायचे. असा हात पुढे फेकायचे, आणि 'पोरी, हात' म्हणायचे. मला कधी पोरी म्हणाले नाहीत जन्मात. मी आपला चहा खाली ठेवायला लागले."

त्यांनी शेंगांचं ताट माझ्याकडे सरकवलं. आम्ही दोघं सोलत बसलो.

सोमवारी एक वाजता हातोडे थांबले. यंत्र सुरू केलं. शून्य. कोणा दुसऱ्याची रायफल टेबलावरच्या शिकंज्यात होती. तिचा खटका मी सकाळीच उघडून बघितला होता.

"चहा ठेवलाय," दत्तोबा म्हणाला.

मी वाट बघितली. यंत्र गप्प. शून्य तसाच राहिला, आणि इतका मोठा शून्य मी कधी बघितला नव्हता. ज्या गोष्टीला चार दिवस घाबरलो, ती आता नाही म्हणून मला कसंतरीच झालं.

"उपकार झाले तुमचे," मी मोठ्याने म्हणालो. "आधी म्हणायला हवं होतं."

"रोजचा चहा आहे, त्यात काय," दारातून दत्तोबा म्हणाला.

मी डावा हात लिव्हरवर ठेवला. सकाळपासून तिला कुणी शिवलं नव्हतं. त्या खोलीत ऊन येत नाही. लिव्हर कोमट होती, नुकतीच कुणीतरी मुठीतून सोडल्यासारखी. ती खाली ओढली, हात तसाच घट्ट ठेवून मी छर्रा बसवला, लिव्हर वर केली, आणि उडवण्याआधी 'लाभ' म्हणालो.